तंबूत घडलेला आवाज

14 जानेवारी 1925 ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीय गायनप्रकारातली गायिका बेसी स्मिथ हिचं 'सेंट लुईस ब्लूज' सुरू होतं ते पेटीच्या एका लांब कॉर्डने, म्हणजे एकत्र दाबलेल्या सुरांनी. खरंच पेटी. फ्रेड लाँगशॉ एरवी तिच्याबरोबर पियानो वाजवायचा, त्या दिवशी तो पायाने भाता मारायच्या हार्मोनियमवर बसला होता. मराठी संगीत नाटकात जो ऑर्गन वाजायचा तो याच जातीचा. त्या कॉर्डवर लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एक सूर टेकतो आणि लगेच बाई गायला लागतात. ना प्रस्तावना, ना तालाची तयारी. मावळतीचा सूर्य बघवत नाही, एवढंच पहिल्या ओळीत म्हणायचं आहे, आणि ते ती इतक्या सावकाश म्हणते की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, रेकॉर्ड मंद फिरतेय.

हे ऐकून बहुतेक जण 'काय उपजत आवाज आहे!' म्हणून मोकळे होतात. ब्लूजच्या बाबतीत ही खोड फार जुनी. खेयालाच्या गवयाने गळा कमावला असं आपण म्हणतो, पण ब्लूज गाणारीच्या गळ्यातून दुःख आपोआप झिरपतं अशी समजूत. बेसीचं हे गाणं मुद्रित झालं तेव्हा ती तिशीची होती आणि गाऊन पैसे मिळवायला लागून तिला वीसेक वर्षं झाली होती. तिच्या गाण्यातली जवळजवळ प्रत्येक लकब कुठल्या ना कुठल्या कामाच्या जागेने लावलेली आहे. आधी रस्त्याने, मग तंबूने, मग थिएटरने आणि शेवटी ध्वनिमुद्रणाच्या भोंग्याने.

टेनेसीतलं चॅटनूगा हे तिचं गाव. तिच्या लग्नाच्या कागदांवर जन्मतारीख 15 एप्रिल 1894 आहे, 1900 च्या जनगणनेत वर्ष 1892 आहे. वडील मजुरी करायचे आणि जोडीला बाप्टिस्ट पंथाचं प्रवचन. ती अगदी लहान असतानाच ते गेले आणि ती नऊएक वर्षांची होईतो आईही गेली. थोरली बहीण व्हायोला घर सांभाळायची. बेसी आणि भाऊ अँड्र्यू रस्त्यावर उभे राहायचे. तो गिटार वाजवायचा, ही गायची, नाचायची. तेराव्या रस्त्याच्या आणि एल्म स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या 'व्हाइट एलिफंट' नावाच्या गुत्त्यासमोरची जागा त्यांची नेहमीची.

कोपऱ्यावर गाणाऱ्या पोरीला सगळ्यात आधी एक गोष्ट कळते. माणूस चालता चालता जेवढं ऐकतो तेवढंच गाणं. तो दहा-बारा पावलांत पुढे जाणार. त्या दहा पावलांत एक अख्खी ओळ, तीही शब्द न् शब्द कळेल अशी, त्याच्या कानात पडली नाही तर पैसा पडत नाही. बेसीच्या रेकॉर्डवर शंभर वर्षांची खरखर बसली आहे, तरी शब्द कळतात. तिच्या बऱ्याच समकालीन गायिकांच्या बाबतीत ते छापील कागद हातात घेऊन ताडून बघावे लागतात. रस्त्यावरची दुसरी शिकवण उसंतीची. उघड्यावर सलग गायलं की तासाभरात घसा बसतो, म्हणून ओळ म्हणायची, थांबायचं आणि मधली जागा गिटारला द्यायची. पुढे हीच जागा कॉर्नेटवाल्याला मिळाली.

मोठा भाऊ क्लॅरन्स 1904 मध्ये मोझेस स्टोक्सच्या फिरत्या मंडळीबरोबर निघून गेला. 1912 मध्ये ती मंडळी गावात आली तेव्हा त्याने बहिणीची चाचणी ठरवली. तिला घेतलं, पण नर्तकी म्हणून. गायिका मंडळीत आधीच होती, आणि ती होती पुढे 'ब्लूजची आई' म्हणून गाजलेली मा रेनी.

मा रेनीने बेसीला पळवून नेलं आणि गाणं शिकवलं, ही दंतकथा अजून फिरते. ती खोटी आहे. मा रेनी तिच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठी, आणि बेसी आली ती गाता येत होतं म्हणूनच. मग तिच्याकडून घेतलं काय? दोघींच्या रेकॉर्ड ऐकल्या तर गळ्याची नक्कल कुठेच सापडत नाही. मा रेनीचा आवाज जास्त खडबडीत, शेतावरच्या हाळीशी नातं सांगणारा. ती स्वराला खालून घसटत नेते आणि शब्द काहीसे चावते. बेसीने घेतला तो धीर. घाई न करता प्रेक्षकांसमोर उभं राहण्याचा, एक सूर लावून त्यावर थांबण्याचा. सोन्याच्या नाण्यांची माळ घालून, सोन्याचे दात चमकवत नुसती उभी राहिली तरी तंबू गप्प करणारी बाई रोज रात्री दहा फुटांवरून बघायला मिळणं, ही तालीमच. आणि मधल्या काळात बेसीला रंगाचा फटकाही बसला. एका निर्मात्याने तिला नर्तकींच्या रांगेतून काढलं, कारण त्याला उजळ कांतीच्या मुली हव्या होत्या. निर्मातादेखील कृष्णवर्णीयच होता. रांगेतली जागा गेल्यावर उरतो तो आवाज.

तंबूबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे आवाजाचं जे होतं ते बंद खोलीत रियाज करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. विटांची भिंत आवाज परत देते, कनात देत नाही. काही कापडात मुरतो, बाकीचा बाहेर जातो. गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. नवखा मग काय करतो? जोर लावतो. जोर लावला की सूर चढतो, गळा आवळला जातो आणि दुसऱ्या खेळापर्यंत आवाज फाटतो. यावर दोनच उपाय. एक म्हणजे स्वर तोंड उघडून, सरळ, छातीतून लावायचा आणि व्यंजनं झटक्यात टाकून मोकळं व्हायचं. दुसरा उपाय जास्त हुशारीचा: आपल्या गळ्यात जे पाच-सहा सूर सगळ्यात भरदार लागतात तेच हेरून ठेवायचे आणि गाणं त्यांच्याभोवती नव्याने मांडायचं. बेसीने हे आयुष्यभर केलं. छापील चालीतला वरचा सूर तिला अडचणीचा वाटला तर ती तो घेतच नाही. सबंध ओळ एका मध्यवर्ती सुरावर आणून ठेवते आणि तिथून थोडं वर, थोडं खाली जाते. कितीतरी गाणी तिने सहा सुरांच्या आत संपवली आहेत. पल्ला तोकडा होता म्हणून असं झालं, हे अर्धंच खरं. त्या सहा सुरांत तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचता येत होतं, हे उरलेलं अर्धं. मेगाफोनची तिला गरज लागली नाही.

1913 पासून अटलांटातलं '81 थिएटर' तिचा मुक्काम झालं. पगार आठवड्याला 10 डॉलर. वर प्रेक्षक रंगमंचावर फेकतील ती नाणी. इथे भिंती होत्या, आवाज परत येत होता, पण एका रात्री दोन-तीन खेळ आणि समोर बोलका, टवाळ प्रेक्षक. आवडलं नाही तर तिथल्या तिथे कळायचं. पुढे दक्षिणेतल्या अशा थिएटरांचं जाळंच झालं. 'थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशन' हे त्याचं नाव, आणि आद्याक्षरांचा कलावंतांनी लावलेला अर्थ इतका कडू की इथे छापण्याजोगा नाही. अशा प्रेक्षकांसमोर गाताना ओळीचा शेवट कुठे करायचा हे कळतं. बेसी ओळीतला शेवटचा सूर धरून ठेवत नाही, तो खाली सोडून देते, कधी अर्ध्यातच तोडते. ऐकणाऱ्याला ते पूर्ण करावंसं वाटतं आणि तो ओरडतो. चर्चमध्ये प्रवचनकाराला 'आमेन' मिळतं तेही याच युक्तीने, आणि ती युक्ती तिच्या घरातलीच होती.

आता हत्यार जरा जवळून बघू. ब्लूजचा नेहमीचा साचा 12 बारचा, बार चार मात्रांचा. म्हणजे 48 मात्रा. आपल्या हिशेबात तीनतालाची तीन आवर्तनं, प्रत्येकात एक ओळ. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसऱ्या आवर्तनात जोडीची, यमक जुळवणारी ओळ. यात पहिल्यांदा चुकतं ते असं: 16 मात्रा आहेत म्हणून गाणारा सोळाही भरतो. बेसी साधारण दहा मात्रांत ओळ संपवते. उरलेल्या सहा वाद्याच्या. ते उत्तर देतं, आणि त्या उत्तरात तिचा श्वास होतो, ऐकणाऱ्याचा विचार होतो. या सहा मात्रा खाल्ल्या की ब्लूजची लावणी होते, म्हणजे चांगली होते, पण ब्लूज राहत नाही.

खाली कॉर्ड बदलतात ते असे. पहिले चार बार 'सा'चा कॉर्ड, पुढचे दोन 'म'चा, मग दोन बार परत 'सा'. नवव्या बारला 'प', दहाव्याला 'प'च किंवा 'म', आणि शेवटचे दोन 'सा'. हे पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. मजा गंधारात आहे. पियानो 'सा'चा कॉर्ड वाजवतो त्यात शुद्ध गंधार आहे. गाणारी मात्र कोमल गंधाराच्या बाजूने येते, शुद्धाकडे सरकते आणि मधेच कुठेतरी थांबते. या मधल्या जागेला अमेरिकन लोक 'ब्लू नोट' म्हणतात. श्रुतींची सवय असलेल्या कानाला यात नवल नाही. नवल आहे ते खाली शुद्ध गंधार ठणठणीत वाजत असण्यात. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या फटीत बोट शिरत नाही, गळा शिरतो, आणि दोघांचं घर्षण चालू राहतं. शिकणारा इथे दोन प्रकारे फसतो. कोमल गंधार नेमका, स्थिर लावला तर गाणं नुसतं रडवेलं होतं. शुद्ध लावला तर चर्चमधलं स्तोत्र वाटतं. सूर लावायचा नसतो, त्या दिशेने निघायचं असतं.

आणि ओळ दोनदा का? हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर कॉर्डमध्ये आहे. दुसऱ्यांदा ती ओळ येते तेव्हा खाली 'म'चा कॉर्ड लागलेला असतो: मध्यम, धैवत, सा. त्यावर तोच कोमलाकडचा गंधार आता भांडत नाही, तो कॉर्डचाच चौथा सूर होऊन बसतो. पहिल्या वेळी जे खुपत होतं ते दुसऱ्या वेळी मानून घेतलेलं वाटतं. शब्द तेच, सूर तोच, खालची जमीन सरकलेली. म्हणून दुसरी ओळ पहिलीसारखीच जोरात म्हणणं ही चूक आहे, आणि ब्लूज गाणाऱ्या नव्या मुलामुलींत सर्रास दिसते. वजन तिसऱ्या ओळीसाठी राखून ठेवायचं असतं, कारण बातमी तिथे असते. बेसीच्या 'डाउनहार्टेड ब्लूज'मध्ये 'ट्रबल, ट्रबल' ही ओळ दोनदा येते, आणि ते संकट कबरीपर्यंत पाठ सोडणार नाही हे तिसऱ्या ओळीत कळतं.

तिसरी चूक हरकतींची. आजच्या पॉप गाण्यावर वाढलेला गळा प्रत्येक शब्दाच्या शेपटीला सात सूर लावतो. बेसीचं अलंकरण शब्दाच्या आधी असतं: एक छोटीशी घसट, मग सूर, मग सोडलेली शेपटी. बस्स. मुद्दाम घोगरा आवाज काढणं ही चौथी, आणि तिच्याबद्दल काय बोलायचं! तिचा आवाज जिथे खरखरतो तिथे तो एखाद्याच शब्दापुरता खरखरतो, आणि तो शब्द तिने निवडलेला असतो.

हे सगळं हातात असताना रेकॉर्ड कंपन्यांनी तिला नाकारलं. 10 ऑगस्ट 1920 ला ध्वनिमुद्रित झालेल्या मॅमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ने बाजार उघडला होता, कंपन्या गायिकांच्या शोधात धावत होत्या. त्यातली 'ब्लॅक स्वान' तर कृष्णवर्णीय मालकीची. तिथे ती चाचणी देताना मधेच थांबून थुंकली म्हणून परत पाठवली, असं सांगतात. थुंकण्याचं खरं असो नसो, त्या कंपनीने पसंती दिली ती एथेल वॉटर्सच्या नितळ उच्चारांना आणि शहरी ढंगाला. बेसी त्यांना फार तंबूतली वाटली असणार.

शेवटी 1923 च्या फेब्रुवारीत कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रँक वॉकरने तिला न्यूयॉर्कला बोलावलं. करार रॉयल्टीचा नव्हता, तबकडीच्या वापरण्याजोग्या प्रत्येक बाजूला 125 डॉलर असा होता. 15 तारखेला दिवसभरात एकही टेक घेण्यासारखा निघाला नाही. का, ते समजायला तेव्हाची तऱ्हा माहीत हवी. माइक नव्हता. भिंतीतून एक भोंगा बाहेर आलेला असायचा, त्याच्या टोकाला पडदी, पडदीला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. सुई हलते ती निव्वळ गाणाऱ्याच्या फुफ्फुसाच्या जोरावर. साधारण 200 ते 2,500 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातलं काय ते उमटतं. 'स'चा सीत्कार जवळजवळ गायब, पियानोची डावी बाजू फुसकी. वरचा सूर जोरात आला की सुई उडते, म्हणून त्या वेळी मागे झुकायचं. खालच्या सुराला पुढे यायचं. खाकरलं, शब्द चुकला, की सगळं मेण बाद. ते तासून गुळगुळीत करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. 10 इंची तबकडीत मावतात तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. सवाल-जवाबात वाढलेल्या गायिकेला समोर माणूस नाही, टाळी नाही, फक्त एक काळं भोक.

दुसऱ्या दिवशी, 16 फेब्रुवारीला, क्लॅरन्स विल्यम्सच्या पियानोवर 'डाउनहार्टेड ब्लूज' जमलं. गाणं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिनचं, हंटरने आदल्या वर्षी ते स्वतः मुद्रितही केलं होतं. तरी बेसीच्या तबकडीच्या सहा महिन्यांत 7 लाख 80 हजार प्रती खपल्याचं सांगतात. भोंग्याला जे हवं होतं ते तिच्याकडे तयार होतं: मधल्या पट्टीतले पाच-सहा भरदार सूर, उघडे स्वर, सपासप व्यंजनं. तंबूसाठी कमावलेलं या यंत्राला जसंच्या तसं लागू पडलं. ज्यांचा गळा वर नाजूक आणि खाली हवेशीर होता त्या गायिका याच भोंग्यात बारीक, नाकातल्या वाटतात.

ऐकणाऱ्याने एक उद्योग जरूर करावा. मा रेनीचं 'सी सी रायडर ब्लूज' 16 ऑक्टोबर 1924 चं आहे, आणि त्यातही कॉर्नेट आर्मस्ट्राँगचाच. मधे जेमतेम तीन महिने. आधी ते ऐकायचं, लगेच 'सेंट लुईस ब्लूज'. मा रेनीच्या मागे पाच वादक आहेत, ध्वनिमुद्रण मळकट आहे, आणि आर्मस्ट्राँग त्या गर्दीतून वाट काढत मधूनमधून डोकावतो. बेसीच्या गाण्यात फक्त पेटी आणि तो. गाणं डब्ल्यू. सी. हँडीने 1914 मध्ये छापलेलं: 12 बार, पुन्हा 12, मग टँगोच्या झुलव्यावरचे 16, शेवटी 12. एकूण 52 बार. बेसी ते एकदाच गाते आणि तबकडी संपते, म्हणजे लय मिनिटाला साधारण 65-70 मात्रांची. मधला टँगो तिने जवळजवळ पुसून टाकला आहे, पेटी तिथेही नुसती धरून ठेवते. एवढ्या रिकाम्या जागेत उत्तर द्यायला आर्मस्ट्राँग मिळाल्यावर तो ती जागा नक्षीने भरतो, आणि ती नक्षी अजोड आहे यात शंका नाही. बेसीला स्वतःला मात्र जो स्मिथचा कॉर्नेट जास्त आवडायचा. जो कमी बोलायचा. आर्मस्ट्राँगच्या उत्तरात कधीकधी नवा प्रश्न असतो, आणि गाणारीला पुढची ओळ सुचलेली असताना ते गैरसोयीचं.

त्याच 1925 मध्ये तिने स्वतःचा रेल्वेचा डबा बांधून घेतला, 78 फुटी, पिवळाधमक. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना उतरायला हॉटेल मिळत नसे. आता मंडळी डब्यातच झोपायची, आणि खेळाचा तंबू डब्यातूनच गावोगाव जायचा.

त्याच वर्षी कोलंबियाने भोंगे काढून विजेवरचं ध्वनिमुद्रण आणलं. माइक प्रत्येक खोकला, प्रत्येक प्रतिध्वनी टिपायचा. खोली फार मोठी, आवाज पसरतोय, असं तंत्रज्ञांचं मत पडलं. त्यांनी स्टुडिओच्या छताला एक मोठं कापड टांगून खाली तंबूच केला आणि 5 मेला त्यात बेसी, बँडप्रमुख फ्लेचर हेंडरसनचे सगळे वादक, फ्रँक वॉकर आणि माइक अशी दाटी केली. तरुणपणाची तिची वर्षं तंबूत गेली होती, ती उभी राहून गायली. 'केक वॉकिंग बेबीज' झालं, 'द यलो डॉग ब्लूज' झालं. आणि मग वरचं कापड सुटलं, सगळ्यांच्या अंगावर कोसळलं, आणि न्यूयॉर्कच्या त्या अद्ययावत स्टुडिओत माणसं वाद्यांसकट चाचपडत बाहेर पडायची वाट शोधू लागली.